मतपेटीला टाळे कोणी लावले?

पुणे महानगरपालिकेच्या निवडणुकीसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्यापूर्वीचे मतदान २१ फेब्रुवारी २०१७ रोजी झाले होते आणि त्यातून निवडलेल्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ रोजी संपली होती. म्हणजे तीन वर्षे दहा महिने ह्या शहरात लोकांनी निवडलेला एकही नगरसेवक नव्हता. ह्या काळात देशात युद्ध पेटले नव्हते की आणीबाणी पुकारली गेली नव्हती. २०२४ मध्ये लोकसभेची व विधानसभेची निवडणूक यथासांग पार पडली. खोळंबली ती केवळ नगराची. आता नवे सभागृह आल्यावर झाले गेले विसरून जावे, असे म्हणणारे पुष्कळ भेटतील. आम्हांस ते मान्य नाही. जी गोष्ट कोणासही जाब द्यावा न लागता एकदा घडली, ती पुन्हा घडू शकते.

ह्या बाबतीत कायदा संदिग्ध आहे असेही नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने १ जून १९९३ पासून नगरपालिकांना घटनेत स्थान मिळाले. तिच्या २४३-यू ह्या कलमाने पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरविली आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे बजावले. २००६ साली किशनसिंग तोमर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे बंधन पाळलेच पाहिजे, असे सांगितले. निवडणुकीचा क्रम सुरू झाल्यावर न्यायालयांनी मध्ये पडू नये, तक्रार निकालानंतर ऐकावी, हे तत्त्व तर त्याच न्यायालयाने १९५२ साली पोन्नुस्वामी प्रकरणातच घालून दिले होते. एवढे असूनही निवडणूक अडली ती न्यायालयाच्याच दारात.

कशी अडली, ते पाहू. इतर मागासवर्गीयांस स्थानिक संस्थांत दिले जाणारे आरक्षण पुरेशा माहितीच्या आधारावर नाही, असे ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आणि तीन अटी घातल्या: स्वतंत्र आयोगाने चौकशी करावी, प्रत्येक संस्थेपुरते प्रमाण ठरवावे आणि एकूण आरक्षण निम्म्यापलीकडे जाऊ नये. ह्या अटींत गैर काही नव्हते. राज्य सरकारने मात्र आयोगाच्या कामाआधीच अध्यादेश काढला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्यातील आरक्षणास स्थगिती मिळाली. त्यानंतर बांठिया आयोग नेमला गेला. जुलै २०२२ मध्ये न्यायालयाने त्याच्या अहवालानुसार निवडणुका घेण्यास मुभा दिली. वाद तेथे मिटावयास हवा होता. परंतु त्याच सुमारास सरकार बदलले आणि नव्या सरकारने प्रभागरचनाच फिरविली. प्रकरण पुन्हा न्यायालयात गेले. ऑगस्ट २०२२ मध्ये ‘जैसे थे’ स्थिती ठेवण्याचा जो आदेश काही आठवड्यांपुरता म्हणून झाला, तो सुमारे पावणेतीन वर्षे टिकला. अखेर ६ मे २०२५ रोजी न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास फर्माविले. तीही मुदत पुढे ३१ जानेवारी २०२६ पर्यंत वाढवावी लागली.

आमचा आक्षेप ‘जैसे थे’ ह्या शब्दांसच आहे. जमिनीच्या दाव्यात ‘जैसे थे’ म्हटले, तर जमीन जागेवर राहते. निवडणुकीच्या दाव्यात तसे म्हटले, तर मतदाराचा हक्क दिवसागणिक झिजत जातो आणि झिजलेला भाग पुढे कोणत्याही निकालाने परत मिळत नाही. आरक्षणाचा प्रश्न मोठा होता, न्यायाचा होता. परंतु मे २०२५ मध्ये निवडणुकीचा मार्ग मोकळा झाला, तो हा प्रश्न बाजूस ठेवून. बांठिया अहवालापूर्वीची आरक्षणस्थिती धरून मतदान घ्यावे, असे न्यायालयाने सांगितले. हीच तडजोड २०२२ मध्ये का करता आली नसती?

तथापि सारा दोष न्यायासनाच्या माथी मारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पुण्यात २००७ साली एका प्रभागातून एक नगरसेवक निवडला गेला, २०१२ साली दोन, २०१७ साली चार. पुढे एका सरकारने तीनाचा प्रभाग ठरविला, दुसऱ्याने तो मोडून पुन्हा चाराचा केला. मार्च २०२२ मध्ये तर प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून काढून सरकारने आपल्याकडे घेतला. ह्या बदलांमागे नागरिकांची सोय होती, असे कोणी शपथेवर सांगेल काय? प्रत्येक पक्षाने सत्तेवर असताना सोयीचे कुंपण घातले आणि प्रकरण न्यायालयात गेल्यावर ‘न्यायप्रविष्ट’ ह्या शब्दाआड तो स्वस्थ बसला. प्रशासकामार्फत पालिका मंत्रालयातून चालविता येत असेल, तर घाई कोणास असावी?

ह्या शहराच्या पालिकेत महात्मा फुले सभासद होते आणि नामदार गोखले अध्यक्ष होते. त्या शहराचा २०२५-२६ चा १२,६१८ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प एकाच अधिकाऱ्याने आयुक्त म्हणून मांडला आणि प्रशासक म्हणून मंजूर केला. अधिकारी कर्तबगार असेल. पण त्यास भर सभेत प्रश्न विचारणारा कोणी नव्हता. सर्वांत मोठी झळ पोहोचली ती जून २०२१ मध्ये हद्दीत आलेल्या तेवीस गावांना. ग्रामपंचायत गेली आणि नगरसेवक आला नाही. वाघोली, सूस, मांजरी बुद्रुक येथील रहिवासी महापालिकेचे नागरिक झाल्यावर साडेचार वर्षे त्यांना तिच्यासाठी एकदाही मत देता आले नाही. ह्याच गावांपैकी नांदेड व किरकटवाडी ह्या भागांत जानेवारी २०२५ मध्ये गिलेन-बारे ह्या मज्जाविकाराची साथ उद्भवली आणि पिण्याच्या पाण्याविषयी भय पसरले. नगरसेवक असता तर साथ टळली असती, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याच्या दारावर थाप मारावी, असा माणूस तेथे नव्हता.

योगायोग असा, की ह्याच काळात पुणे लोकसभेतही मुके झाले. खासदार गिरीश बापट यांचे २९ मार्च २०२३ रोजी निधन झाले. रिक्त जागा सहा महिन्यांत भरावी, असा कायदा आहे. कसब्याची व चिंचवडची पोटनिवडणूक त्याच वर्षी २६ फेब्रुवारीस झालीही होती. लोकसभेच्या जागेसाठी मात्र निवडणूक आयोगाने इतर निवडणुकांच्या कामाची व उरलेल्या अल्प मुदतीची सबब सांगितली. एका पुणेकराच्या अर्जावरून १३ डिसेंबर २०२३ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ही सबब फेटाळून पोटनिवडणूक ताबडतोब घ्या, असे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. जागा रिकामीच राहिली आणि १३ मे २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान आले. कायद्याचा प्रश्न सुटण्यापूर्वी काळानेच तो निकालात काढला.

न्यायालय आणि निवडणूक यांची अशी गुंतागुंत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. अमेरिकेत ती अधिक तीव्र आहे. तेथील अनेक राज्यांत न्यायाधीशच मतांवर निवडले जातात. पण तेथे राष्ट्रीय निवडणुकीचा दिवस हलत नाही. १८६४ साली यादवी युद्ध चालू असताना अध्यक्षपदाची निवडणूक वेळेवर झाली. ह्या अढळपणाचेही तोटे आहेत. २००० साली फ्लोरिडात ५३७ मतांचे अंतर असताना तेथील सर्वोच्च न्यायालयाने फेरमोजणी थांबविली, त्यात मुदतीचा आधार होता. अलाबामाच्या मतदारसंघांचा नकाशा २०२२ मध्ये निवडणूक जवळ आल्याच्या कारणाने तसाच ठेवला गेला, आणि २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने तो कायद्याचा भंग करणारा असण्याचा संभव मान्य केला. तेथे तारखेसाठी न्याय थांबतो, येथे न्यायासाठी तारीख थांबते. दोहोंपैकी एकाची निवड करणे आम्हांस भाग पडले, तर पहिला दोष आम्ही पत्करू. सदोष निवडणुकीतून आलेला प्रतिनिधी पुढील खेपेस घालविता येतो. न झालेल्या निवडणुकीत मतदाराच्या हाती काहीच उरत नाही.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. प्रभागरचनेचा अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडे कायद्याने परत द्यावा. मुदत संपण्यापूर्वीच्या वर्षात प्रभागांत वा सदस्यसंख्येत झालेला कोणताही बदल त्या निवडणुकीस लागू होऊ नये. आणि निवडणुकीविषयीचे दावे ठराविक आठवड्यांत निकाली निघावेत; तसे न झाल्यास जुन्या नियमांनुसार मतदान आपोआप व्हावे. निवडून आलेल्या नगरसेवकांनी पहिल्या वर्षातच ह्या मागण्यांचा ठराव करून सरकारकडे पाठवावा. त्यांच्या पक्षांना तो आवडणार नाही. पण हे सभागृह पाच वर्षांनी संपेल, तेव्हा पुढचे वेळेवर येईल की नाही, हे त्यावरच ठरणार आहे.