कुरणाखालचं गाव

चंद्रपूरहून ताडोब्याकडे निघालं की दुर्गापूरपाशी महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्यांच्या पायथ्याशी कर्मचाऱ्यांची वसाहत आहे, ऊर्जानगर. केंद्राला पाणी देणारं इरई धरण जंगलाला जाऊन भिडतं. पुढे पद्मापूर आणि मोहर्ली लागतात, मग ताडोबा व्याघ्र प्रकल्पाचं फाटक.

आत शिरलेली सफारीची जिप्सी हमखास जामणी, नवेगाव नाहीतर पांढरपौनीच्या कुरणाकडे जाते. दाट बांबू आणि साग एकदम संपतो, गुडघाभर गवत लागतं, चितळांचे कळप दिसतात. ही कुरणं रानाने आपसूक दिलेली नाहीत. तिथे गावं होती, धानाच्या बांध्या होत्या. पावसावर धान पिकायचं, उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर घर चालायचं. रानडुकरांपासून पीक राखायला रात्र रात्र मचाणावर जागल करावी लागे. दवाखाना गाठायचा तर जंगल तुडवायचं.

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६ साली, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प. पांढरपौनी त्याआधीच उठली होती. बोटेझरी आणि कोळसा या गावांतली काही कुटुंबं २००७ साली मूल तालुक्यात भगवानपूरला गेली. २०१३-१४च्या सुमारास नवेगाव आणि जामणीही उठली. तेव्हाच्या केंद्रीय योजनेत दोन वाटा होत्या: कुटुंबामागे १० लाख रुपये रोख, किंवा वन खात्याकडून संपूर्ण पुनर्वसन.

घरं मोडली, शेतं राहिली. नांगराने मोकळ्या केलेल्या जमिनीत गवताने जोर धरला. वन खातं तिथलं तण आणि झुडपांची रोपं उपटतं. नाहीतर जंगल ती जागा परत घेईल. गवतामागे चितळ आणि गवे आले, त्यांच्यामागे वाघ. पांढरपौनी तर माया वाघिणीचा मुलूख म्हणून गाजली. नीट पाहिलं तर गवतात बांध्यांचे धुरे सरळ रेषेत उमटलेले दिसतात. गावांची आणखी एक खूण म्हणजे ताडोबा तलावाकाठचं तारूचं देवस्थान. वाघाशी झुंजताना मेलेला हा गोंड गावप्रमुख, असं सांगतात.

वाघ वाढले तसे हद्दीबाहेरही आले. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या परिसरात वाघाने एका कामगाराचा बळी घेतला. जंगलातली गावं उठवता आली. ऊर्जानगर उठवता येणार नाही. जागा सोडली ती त्या गावांनीच. म्हणून वाघासाठी जागा करून देण्याची किंमत कोणी मोजली, हे इथे येणाऱ्याला ठाऊक हवं. प्रत्येक कुरणावर त्या गावाचं नाव आणि ते उठल्याचं साल सांगणारी पाटी लावायला फार खर्च येणार नाही.

मंगळवारी, आणि जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्रात सफारी बंद असते. एरवी गेलात तर वाघ दिसल्यावर गाईडला एवढं विचारा: इथे कोणाची शेतं होती?