गाडीचा क्लच बदलायचा कधी?

ईद, निकाह किंवा मे महिन्याची सुट्टी आली की मुंबई-पुण्याची कितीतरी कुटुंबे स्वतःच्या गाडीने कोकणात गावी निघतात. निघण्यापूर्वी टायर, ब्रेक, ऑइल पाहिले जाते. क्लचची आठवण होते ती कुंभार्ली किंवा आंबा घाटाच्या चढावर, गाडीत लेकरे-वडीलधारी आणि डिकीत सामान असताना.

क्लच प्लेट इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देते. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये ती घट्ट दाबलेली असते. तिच्यावरचे लायनिंग झिजले की पकड सुटते.

याच्या खुणा आधीच दिसू लागतात. वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग तितका वाढत नाही. पेडल जवळजवळ पूर्ण वर आल्यावरच गाडी हलते. चढावर जळका वास येतो. ट्रॅफिकमध्ये एखाद्या वेळी वास आला म्हणून घाबरू नये. प्रत्येक चढावर येत असेल तर मात्र थांबू नये.

एक सोपी चाचणी आहे. मोकळ्या, सपाट जागी, पुढे-मागे कोणी नसताना हँडब्रेक पक्का ओढा आणि उजवा पाय ब्रेकवर ठेवा. चौथा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर पकड ठीक आहे. चालूच राहिले तर प्लेट घसरते आहे. चाचणी एकदाच करा. पुन्हा पुन्हा केल्यास प्लेट तापते.

प्रत्येक तक्रार प्लेटचीच नसते. गिअर अडत असेल तर केबल सैल झालेली असू शकते किंवा हायड्रॉलिकमध्ये गळती असू शकते. पेडल दाबल्यावर घरघर होत असेल तर रिलीज बेअरिंग तपासावे. थोड्या खर्चात काम होत असताना पूर्ण क्लच बदलणे ही फिजूलखर्चीच.

प्लेट खरोखर घसरत असेल तर मात्र दिवस ढकलू नयेत. फ्लायव्हील खराब होऊन खर्च वाढतो. गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी मोठी असते, म्हणून प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलावे. ऑइल सीलही पाहून घ्यावे. तेल गळून प्लेटवर आले तर नवी प्लेटही घसरते. जुनी प्लेट मेकॅनिककडून मागून पाहा. लायनिंग रिव्हेटपर्यंत झिजले असेल तर निर्णय योग्यच होता.

एकाच्या हाती 40 हजार किलोमीटरमध्ये संपणारा क्लच दुसऱ्याच्या हाती लाखाच्या पुढे जातो. फरक सवयीचा असतो. पेडलवर पाय टेकवून चालवू नये. चढावर गाडी अर्ध्या क्लचवर न धरता हँडब्रेक लावावा.

शेवटची गोष्ट व्यवहाराची. घसरणारा क्लच लपवून गाडी विकणारे पुष्कळ आहेत. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओल लागली. लोकांना दिसावे म्हणून ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. गाडी विकताना क्लचचा दोष आधी सांगावा, मगच किंमत ठरवावी. दोन पैसे कमी मिळतील, पण कमाई हलाल राहील आणि घाटात दुसऱ्याचे कुटुंब अडकणार नाही.