वरळी कोळीवाडा : दर्याच्या शेतीचं गाव

वरळी नाक्यावरून उत्तरेकडे निघालं की टोलेजंग इमारती मागे पडतात आणि जमीन निमुळती होत समुद्रात शिरते. मुंबईच्या सात बेटांपैकी वरळी बेटाचं हे टोक. एका अंगाला माहीमचा उपसागर, दुसऱ्या अंगाला अरबी समुद्र आणि मध्ये दाटीवाटीनं वसलेला वरळी कोळीवाडा. टोकावर इंग्रजांनी १६७५च्या सुमारास बांधलेला छोटा किल्ला आहे. किल्ल्यातून २००९मध्ये सुरू झालेला सागरी सेतू दिसतो आणि खाली किनाऱ्याला लागलेल्या होड्या.

कोळी माणूस दर्यालाच आपली शेती मानतो. या शेतीलाही हंगाम आहे. पावसाळ्यात मासळीची वीण होते म्हणून १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते. या दिवसांत जाळी विणली जातात, होड्यांची डागडुजी होते. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला जातो. रोजचं वेळापत्रक तिथीवर चालतं : अमावस्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी.

उधाणाच्या दिवसांत ओहोटीला पाणी लांबवर हटतं आणि खडक उघडे पडतात. तेव्हा बायका कालवं काढायला उतरतात. खडकाला घट्ट चिकटलेल्या कालवावर टोकदार लोखंडी हत्याराचा नेमका ठोका, वरचा शिंपला उचकटला की आतला मऊ गर डब्यात. भरती लागेपर्यंत निघेल तेवढं आपलं. या कामाला होडी लागत नाही, डिझेलही लागत नाही. खडक मात्र शाबूत हवेत.

खडकांइतकीच होड्यांची वाटही मोकळी हवी. म्हणूनच सागरी किनारा मार्गाचं (कोस्टल रोडचं) काम आलं तेव्हा गाव विरोधात उभं राहिलं. कोळीवाड्याच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या जिथून बाहेर पडतात, तिथे या मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत ६० मीटर अंतर ठरलं होतं. उसळत्या पाण्यात एवढ्या फटीतून होडी काढणं म्हणजे जिवाशी खेळ. मच्छीमारांनी काम रोखून धरलं. अखेर डिसेंबर २०२२मध्ये सरकारनं एक खांब वगळून १२० मीटर अंतर मान्य केलं. मागणी याहून मोठी होती, तरी होड्यांची वाट राहिली.

शहर या किनाऱ्याकडे मोकळी जागा म्हणून पाहतं. खरं तर ती पिढ्यान्‌पिढ्या कसलेली आहे. कोळीवाड्यांचं सीमांकन करताना घरांबरोबर बंदर, जाळी वाळवण्याच्या जागा आणि कालवांचे खडकही नकाशावर आले पाहिजेत. आणि तुम्ही किल्ला बघायला गेलात, तर घरी परतताना मासळी तिथल्याच कोळणीकडून घ्या.