हळदोण्याचा ट्रंपेट

माझ्या लहानपणी फोंडाघाटच्या बाजारपेठेतून लग्नाची वरात निघाली, की कोल्हापूरकडून घाट उतरून आलेला बँड ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’ची धून हमखास वाजवायचा. काही वर्षांपूर्वी अशाच एका वरातीनंतर चहा पीत बसलेल्या ट्रंपेटवाल्याला मी विचारलं, “ही धून मुळात कुणाची हो?”

“सी. रामचंद्रांची की!”

“चाल त्यांची. पण त्यातला बँड कुणाचा?”

तो हसला. “असंल आमच्यासारखाच कुणीतरी.”

त्या ‘कुणीतरी’चा शोध घेताना मी गोव्यातल्या हळदोण्याला पोहोचलो, आणि तिथून, स्वप्नातही नव्हतं अशा आफ्रिकेतल्या घानाला.

अँटोनियो झेवियर वाझ यांचा जन्म हळदोण्याचा, 1916 सालचा. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवत. हेतू प्रार्थनासंगीताचा, पण त्यातून पोटापाण्याची एक विद्याच हाती येई. गावोगावचे असे वादक मुंबई गाठत, धोबीतलावच्या आसपास आपापल्या गावाच्या ‘कुडां’त उतरत आणि हॉटेलांत, क्लबांत वाजवत. 1935 नंतर ताजमहाल हॉटेलात अमेरिकेतले कृष्णवर्णीय जाझवादक येऊ लागले. कागदावरचे स्वर अचूक वाजवणाऱ्या गोवेकरांना तिथे कागदाबाहेरचं वाजवणं ऐकायला मिळालं. वाझ ट्रंपेट वाजवू लागले, ‘चिक चॉकलेट’ झाले आणि ‘म्युझिक मेकर्स’ हा स्वतःचा बँड त्यांनी उभा केला. लोक त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत.

मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. क्लबांची रया गेली, तसे अनेक वादक चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. तिथे त्यांची गरज होतीच. संगीतकार चाल पेटीवर ऐकवी. ती स्वरलिपीत उतरवणं, कुठे सॅक्सोफोन, कुठे क्लॅरिनेट हे ठरवणं, प्रत्येक वादकापुढे त्याचा कागद ठेवणं, ही कामं बहुतेक करून गोवेकर अरेंजर करीत. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांच्याकडे चिक साहाय्यक होते. 1951 च्या ‘अलबेला’त बोंगो आणि ट्रंपेटने जी धमाल उडवली, तिच्यात त्यांचा वाटा मोठा. भगवानदादांच्या या चित्रपटात चिक आणि त्यांचा बँड झालरीचे सदरे घालून पडद्यावरही दिसतो. वरातींतून पुढे पिढ्यान्‌पिढ्या वाजलं ते हे संगीत. पण तबकडीवर नावं छापली जात ती चित्रपटाची, गायकांची, संगीतकाराची, फार तर गीतकाराची. 1967 मध्ये चिक वारले, ते जेमतेम पन्नाशी ओलांडून.

याच काळात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, तेव्हाच्या गोल्ड कोस्टमध्ये, अशीच एक गोष्ट घडत होती. तिथेही किल्ल्यांतल्या लष्करी बँडांमुळे पितळी वाद्यं स्थानिकांच्या हाती आली होती. त्यांत खलाशांची गिटार आणि देशी ताल मिसळून ‘हायलाइफ’ नावाचं नृत्यसंगीत तयार झालं. तिकीट परवडत नाही म्हणून क्लबच्या बाहेर उभं राहून ऐकणाऱ्यांनी आतल्या ऐषारामाला दिलेलं हे नाव, असं सांगतात. या संगीताचा राजा ई. टी. मेन्सा. जन्म 1919 चा, म्हणजे चिकपेक्षा तीनच वर्षांनी लहान. व्यवसायाने ते औषधनिर्माते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आक्रा शहरात गोऱ्या सैनिकांनी सुरू केलेला ‘टेम्पोज’ बँड पुढे त्यांच्याकडे आला आणि पश्चिम आफ्रिकाभर गाजला. 1956 मध्ये खुद्द लुई आर्मस्ट्राँग आक्र्याला आले, तेव्हा मेन्सा त्यांच्यासोबत वाजले. पुढच्याच वर्षी, 6 मार्च 1957 रोजी, घाना स्वतंत्र झाला आणि हायलाइफ हे नव्या राष्ट्राचं संगीत ठरलं.

मेन्सांनाही पुढे पडते दिवस आले. गिटारचे बँड आले, मोठ्या वाद्यमेळांचं दिवाळं वाजलं. पण 1980 च्या दशकात त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिका नव्याने निघाल्या, त्या त्यांच्याच नावाने. 1996 मध्ये ते गेले, तेव्हा देशाला ठाऊक होतं की कोण गेलं.

दोघांच्या गुणांत तफावत होती म्हणून हा फरक पडला, असं मला वाटत नाही. मेन्सांचा बँड आपल्या श्रोत्यांपुढे उभा राहून त्यांच्याच भाषांत गात होता. तबकडीवर नाव बँडचं होतं. चिकचा बँड दुसऱ्याच्या गाण्यात विरघळला. याचा पडताळा आपल्याच शेजारी मिळतो. मडगावच्या ख्रिस पेरी यांनीही हिंदी चित्रपटांच्या वाद्यमेळांत काम केलं. पण लॉर्नासोबत त्यांनी कोकणी गाणी केली, आणि ती आजही त्यांच्या नावानिशी गायली जातात. 2014 मध्ये ‘नाचोंया कुंपासार’ हा अख्खा चित्रपट त्या गाण्यांवर उभा राहिला. उलट उदाहरण अँथनी गोन्साल्विस यांचं. हे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक प्यारेलाल यांचे गुरू. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात गुंफलं. नाव देशभर पोहोचलं, पण ते अमिताभच्या पात्राचं म्हणून!

चित्रपटाने या वादकांना काहीच दिलं नाही, असं म्हणणं कृतघ्नपणाचं होईल. क्लब ओस पडत असताना त्याने त्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या, आणि हळदोण्याचा ट्रंपेट फोंड्याच्या बाजारपेठेपर्यंत आणला. कुठल्याही हॉटेलाला हे जमलं नसतं. मात्र या प्रवासात सूर पोचला आणि नाव वाटेतच गळालं.

त्या दिवशी मी ट्रंपेटवाल्याला चिकचं नाव सांगितलं. “चॉकलेट?” तो पुन्हा हसला. पण उठताना त्याने शेजारच्या क्लॅरिनेटवाल्याला ते नाव सांगितलेलं मी ऐकलं. मग दोघे बँडच्या गाडीत चढले आणि गाडी घाटाच्या दिशेने निघून गेली. त्या ट्रंपेटवाल्याचं नाव विचारायचं मात्र माझ्याकडून राहूनच गेलं.