धुऱ्यापलीकडचं वावर जास्त हिरवं का दिसतं?

धुऱ्यावर उभे राहून पाहा. शेजारच्या वावरातलं सोयाबीन दाट वाटतं, पायाजवळचं विरळ. यात मत्सर कमी, भूमिती जास्त. जवळचं पीक आपण वरून पाहतो, म्हणून ओळींमधली काळी माती दिसते. दूरचं तिरकं पाहतो, तिथे पानं मातीला झाकतात. जेम्स पोमेरान्ट्झ यांनी १९८३ मध्ये गवताबद्दल हेच मांडलं.

मग खरं कसं कळेल? दोन्ही वावरांत चिठ्ठ्या टाकून जागा निवडा, एक मीटरची चौकट ठेवा, रोपं मोजा.

पीएच.डी. अमरावती-अकोल्यात करायची की पुण्यात, हेही असंच तपासा. इथली माती रोज दिसते, तिथली फक्त पानं. गाइड किती वेळा भेटतात? प्रबंध किती वर्षांत होतो? दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना सारखेच प्रश्न विचारा, मगच ठरवा.