जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हची ब्रेक डिस्क : काम तबकडीचे, कसोटी बेअरिंगची

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या कार्यक्रमात २००३ साली एका डिझेल टोयोटा हायलक्स पिकअपची अक्षरशः अग्निपरीक्षा घेण्यात आली. १९८८ सालची ही गाडी समुद्राच्या भरतीत सोडण्यात आली, तिच्यावर इमारती पाडण्याचा लोखंडी गोळा आदळण्यात आला, तिला आग लावण्यात आली. शेवटी पाडल्या जाणाऱ्या एका उंच इमारतीच्या छतावर ती ठेवण्यात आली. इमारत जमीनदोस्त झाली; पण साध्या हत्यारांनी केलेल्या दुरुस्तीनंतर गाडीचे इंजिन पुन्हा सुरू झाले.

अशा चिवट गाड्या आफ्रिकेपासून आखातापर्यंत आणि ऑस्ट्रेलियापासून अमेरिकेपर्यंत आजही रस्त्यावर आहेत. भारतात हायलक्स अधिकृतपणे २०२२ साली आली. जुन्या पिढीच्या हायलक्सची ओळख आखातात नोकरी केलेल्या अनेक मराठी कुटुंबांना मात्र त्याआधीपासून आहे. इंजिन दीर्घायुषी असले तरी ब्रेकच्या डिस्कला ते भाग्य नसते, कारण डिस्कचा जन्मच झिजण्यासाठी असतो. जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह पिकअपची पुढची डिस्क बदलणे हे वरवर पाहता किरकोळ काम वाटते. प्रत्यक्षात हे काम चाकाच्या बेअरिंगपर्यंत जाऊन पोहोचते आणि चूक होते ती बहुधा तेथेच.

उष्णतेचा हिशेब

ब्रेक गाडीच्या गतीचे उष्णतेत रूपांतर करतो. १,८०० किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवली, तर सुमारे अडीच लाख ज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. साधारण पाऊण लिटर पाण्याला उकळी आणण्यास ती पुरेशी असते. ब्रेक लावताच गाडीचा भार पुढच्या चाकांवर येतो. त्यामुळे या उष्णतेचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो.

घाटात हा हिशेब आणखी कठोर होतो. तीच गाडी लोणावळ्याहून खोपोलीकडे उतरताना सुमारे पाचशे मीटर खाली येते असे धरले, तर बाहेर पडणारी ऊर्जा ताशी ६० किलोमीटरवरून जवळजवळ ३५ वेळा थांबण्याइतकी भरते. खालच्या गिअरमध्ये गाडी ठेवली तर त्यातील बराचसा भार इंजिन उचलते; तसे न केल्यास तो ब्रेकवर पडतो. झिजून पातळ झालेल्या डिस्कमध्ये लोखंड कमी उरलेले असते. साहजिकच ती लवकर तापते आणि ती उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत जाते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ‘डॉट ३’ प्रतीच्या कोरड्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १४० अंश आहे. ऑइल उकळले की नळीत वाफ होते आणि पेडल थेट तळाला जाते.

डिस्क बदलण्याची वेळ केव्हा?

प्रत्येक डिस्कची किमान जाडी उत्पादकाने ठरवून दिलेली असते आणि बहुधा ती डिस्कवरच कोरलेली असते. जाडी मायक्रोमीटरने, डिस्कच्या परिघावर किमान सहा-आठ ठिकाणी मोजावी. साध्या व्हर्नियरचे टोक कडेच्या न झिजलेल्या काठावर अडकते आणि माप फसवे येते. जाडी मर्यादेखाली गेली असेल, पृष्ठभागावर खोल चरे पडले असतील किंवा कडेपर्यंत गेलेली भेग दिसत असेल, तर नवी डिस्क हाच मार्ग उरतो.

ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरले की ‘डिस्क वाकली’ असे सरसकट म्हटले जाते. बऱ्याचदा डिस्क वाकलेली नसते, तर तिची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नसते. काही शतांश मिलिमीटरचा फरकही पायाला जाणवतो. लेथवर डिस्क घासून हा दोष काढता येतो. परंतु घासल्यानंतरची जाडी मर्यादेच्या वर राहणार असेल तरच. अन्यथा आजचा खर्च वाचवून उद्याचा धोका विकत घेतल्यासारखे होते.

हबच्या मागे दडलेली डिस्क

आजच्या बहुतेक मोटारींमध्ये डिस्क हबवर टोपीसारखी बसवलेली असते. चाक आणि कॅलिपर काढले की ती सरळ हातात येते. जुन्या हायलक्समध्ये रचना वेगळी आहे. तेथे चाकाचा हब एका पोकळ स्पिंडलवर, दोन शंकूच्या आकाराच्या रोलर बेअरिंगवर फिरतो. स्पिंडलच्या पोटातून पुढचा अ‍ॅक्सल बाहेर येतो आणि फ्री-व्हील हबच्या मार्फत चाकाला गती देतो. डिस्क हबच्या आतल्या बाजूला बोल्टने आवळलेली असते. म्हणजे डिस्क काढायची तर आधी संपूर्ण हब उतरवावा लागतो. अमेरिकेत १९८६च्या मॉडेलपासून या पिकअपचा पुढचा अखंड अ‍ॅक्सल जाऊन स्वतंत्र सस्पेन्शन आले, तरी डिस्क हबच्या मागेच राहिली.

कामाचा क्रम

गाडी सपाट जागी उभी करून मागच्या चाकांना उटी लावावी. जॅकने उचलल्यावर ती भक्कम स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये. चाक काढल्यानंतर कॅलिपरचे दोन बोल्ट सोडवून तो तारेने बाजूला टांगावा. कॅलिपरचे वजन रबरी नळीवर पडू देऊ नये. ती आतून तुटली तरी बाहेरून दिसत नाही. जुन्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ब्रेकवरील धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ती ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने काढावी.

यानंतर फ्री-व्हील हबचे झाकण निघते. आत अ‍ॅक्सलच्या टोकाची सर्कलिप काढली जाते. हबचे बाहेरचे कवच स्टडवर शंकूच्या आकाराच्या, चीर असलेल्या वॉशरनी घट्ट धरलेले असते. पितळी दांडा लावून ठोके दिले की ही वॉशर सैल होतात. येथे पोलादी हातोड्याने घाई केल्यास स्टडचे आटे खराब होतात. आतील दोन मोठे नट ५४ मिलिमीटरच्या बॉक्स पान्याने उघडतात. दोहोंच्या मध्ये दुमडलेल्या पाकळीचे लॉक वॉशर असते. छिन्नीने ठोकून नट फिरवण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते. नटाच्या कडेवर छिन्नीचे व्रण आढळले तर आधीच्या कारागिराने योग्य पाना वापरला नव्हता, हे ओळखावे.

हब हाती आला की मागचे बोल्ट काढून डिस्क वेगळी करता येते. नवी डिस्क बसवण्यापूर्वी हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने स्वच्छ करावा. गंजाचा एक कण मध्ये राहिला तरी डिस्क तिरकी बसते आणि थरथर पुन्हा सुरू होते. नव्या डिस्कवर गंज रोखण्यासाठी तेलाचा थर दिलेला असतो, तो ब्रेक क्लीनरने पूर्ण पुसावा.

खरी कसोटी बेअरिंगची

हब उघडलाच आहे, तर बेअरिंगमधील जुने ग्रीस धुऊन काढून रोलर आणि त्यांची कडी तपासणे आवश्यक ठरते. खड्डे किंवा निळसर डाग दिसल्यास बेअरिंग आणि तिची कडी जोडीनेच बदलावी. नवे ग्रीस वरून फासून चालत नाही. ते रोलरच्या फटींतून आत दाबून भरावे लागते. हबच्या मागचे ऑइल सील प्रत्येक वेळी नवेच टाकावे. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत आतले ग्रीस पातळ आणि काळे होऊन वाहत असेल, तर अ‍ॅक्सलचे आतले सीलही गळत आहे असे समजावे. गिअर ऑइल पुढे डिस्कवर आले तर नवा ब्रेकही निकामी होतो.

त्यानंतरचा टप्पा सर्वांत नाजूक असतो. आतला नट आधी बऱ्यापैकी आवळून हब दोन्ही दिशांना फिरवतात, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग नट सैल करून पुन्हा हलक्या ताणाने आवळतात. हब फिरवण्यास किती जोर लागतो, हे स्प्रिंगच्या वजनकाट्याने मोजून गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडून पाहायचे असते. ताण बरोबर आला की लॉक वॉशर आणि बाहेरचा नट लावून पाकळ्या दुमडतात. बाहेरचा नट आवळताना ताण बदलू शकतो, म्हणून शेवटी पुन्हा मोजणी करावी.

नट अति आवळला तर बेअरिंग तापते, ग्रीस वितळते आणि चालत्या गाडीत हब जखडू शकतो. तो सैल राहिला तर चाकासोबत डिस्कही डोलते आणि पॅडना मागे ढकलत राहते. पुढच्या वळणावर ब्रेक दाबताना पेडल नेहमीपेक्षा खोल जाते. ब्रेकमध्ये हवा शिरल्याचा समज होऊन ब्रेक ऑइल बदलले जाते. दोष मात्र बेअरिंगमध्येच राहतो.

रस्त्यावर आणण्यापूर्वी

डिस्क नेहमी दोन्ही बाजूंच्या एकदम बदलाव्यात आणि त्यांच्यासोबत पॅडही नवे घ्यावेत. एकाच बाजूची डिस्क बदलल्यास ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढली जाण्याचा संभव असतो. कॅलिपर बसवण्यापूर्वी शक्य असल्यास डायल गेज लावून डिस्कचे डोलणे तपासावे. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत अनेकदा दाबावे, कारण मागे सारलेले पिस्टन पॅडपर्यंत आलेले नसतात. सुरुवातीला रिकाम्या रस्त्यावर मध्यम वेगावरून काही वेळा हलके ब्रेक लावून आणि मध्ये डिस्क थंड होऊ देऊन पॅड व डिस्क एकमेकांना बसू द्यावेत. थोड्या धावेनंतर हबला हात लावून पाहावा. एका बाजूचा हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे अधिक तापत असेल, तर गाडी पुन्हा उघडणे श्रेयस्कर.

जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी बाळगणाऱ्यांपैकी प्रत्येकाने हे काम स्वतः करावे असे नाही. मात्र गॅरेजमध्ये गाडी सोपवताना तीन प्रश्न जरूर विचारावेत : आपल्या गाडीची डिस्क हबच्या मागे आहे का, ऑइल सील नवे टाकणार का आणि बेअरिंगचा ताण कशाने मोजणार? तिसऱ्या प्रश्नाला ‘हाताच्या अंदाजाने’ असे उत्तर मिळाले, तर मॅन्युअलमधील आकडा आणि वजनकाटा पुढे ठेवावा. घाट उतरताना पेडलवर ठेवलेल्या पायाचा विश्वास त्या एका नटावर अवलंबून असतो.