उष्णतेचा हमाल

नागपूर, मे महिना, दुपारचे अडीच, व्हेरायटी चौकाचा सिग्नल. छोट्या गाडीच्या एसीचा खरा कस इथे लागतो. वर्धा रोडने येताना जाळीतून छान गार वारा लागत असतो. गाडी थांबते, पहिला अर्धा मिनिट काही जाणवत नाही, मग गारवा उतरू लागतो, आणि दिवा हिरवा होईस्तोवर नुसता टेबलफॅन लावल्यासारखी हवा अंगावर यायला लागते. मागच्या सीटवरून आवाज येतो, "एसी गरम हवा फेकून राहिला का हो?" पुढचं वाक्यही ठरलेलं असतं : "गॅस भरून घ्या न."

गेली काही वर्षं मी छोट्या गाडीतून विदर्भभर हिंडतो आहे, आणि या 'गॅस भरून घ्या'वर पैसे घालवणाऱ्यांत मीही होतो. एका दुकानात बोटांनी पाइप चाचपून, "आता झाला थंड," असं म्हणत गॅस भरून मिळाला. आठ दिवसांत एसी आधीपेक्षा वाईट. गॅस कमी नव्हताच, उलट आता जास्त झाला होता. त्यानंतर हे यंत्र नेमकं करतं तरी काय, हे समजून घ्यायचं ठरवलं.

एसी थंडी तयार करत नाही. तो हमाल आहे. गाडीच्या आतली उष्णता पाठीवर घ्यायची, बॉनेटखाली न्यायची आणि पुढच्या जाळीतून येणाऱ्या वाऱ्यात टाकून द्यायची, एवढंच त्याचं काम. ओझं वाहायला त्याला गॅस लागतो. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत तो आर-१३४ए असतो. मोकळ्या हवेच्या दाबाला हा पदार्थ उणे २६ अंशांनाच उकळतो. डॅशबोर्डामागच्या इव्हॅपोरेटरमध्ये, साधारण ३० पीएसआय दाबाला, तो शून्याच्या थोडं वर उकळतो आणि उकळताना गाडीतली उष्णता ओढून घेतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, गरम करतो, पुढच्या कंडेन्सरकडे ढकलतो. तिथे तो उष्णता सोडून पुन्हा द्रव होतो, एका अरुंद व्हॉल्व्हमधून सुटतो, आणि फेरी नव्याने सुरू.

आता विदर्भाची अडचण. ओझं बाहेर टाकायचं तर गॅस बाहेरच्या हवेपेक्षा गरम असावा लागतो, कारण उष्णता गरमाकडून गाराकडेच जाते. पुण्यात ३५ अंश असताना हे सोपं असतं. नागपुरात ४५ असताना गॅसला ६० ते ६५ अंशांपर्यंत तापावं लागतं, म्हणजे दाब २३० ते २६० पीएसआयपर्यंत चढवावा लागतो. त्यातही हवामान खात्याचे ४५ अंश म्हणजे माणसाच्या छातीइतक्या उंचीवरच्या, पांढऱ्या लाकडी पेटीच्या सावलीतले. छोट्या गाडीचा कंडेन्सर त्याहून बराच खाली, तापलेल्या डांबराच्या तोंडाशी बसलेला. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले. त्या दिवशी सिग्नलवर उभ्या गाडीच्या जाळीसमोर किती असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

गाडी पळत असते तेव्हा वेगाचा वारा कंडेन्सर धुऊन काढतो. थांबली की सगळी भिस्त एका छोट्या विजेच्या पंख्यावर. इंजिन मिनिटाला आठ-नऊशे फेऱ्यांवर आलेलं, त्याच्याच पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसरही तितकाच मंद. वर आणखी एक चोरवाट असते. रेडिएटरमधून निघालेली तापलेली हवा बाजूच्या फटींतून वळून पुन्हा जाळीसमोर येते, आणि कंडेन्सर तीच उष्टी हवा परत ओढतो. हमाल ओझं दाराबाहेर ठेवतो आणि कोणीतरी ते खिडकीतून आत टाकतं, तसा हा प्रकार.

छोट्या गाडीला हे जड का जातं, याला कारण आहे. आतली जागा एखाद्या मोठ्या कपाटाएवढी, पण छोट्या गाडीचा एसीसुद्धा साधारण एक टनाचा असतो, म्हणजे बेडरूममधल्या एसीएवढा. टन या मापाचं नातं बर्फाशी आहे : एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता खातो, तेवढी ही ताकद. एवढ्याशा जागेला एवढी ताकद लागते, कारण चारी बाजूंनी काच आणि वर तापलेला पत्रा. आणि हा बेडरूमचा एसी ओढायचा कोणी, तर मारुती ८०० सारख्या गाडीत ७९६ सीसीच्या तीन सिलिंडरच्या इंजिनाने. त्याची ताकदच सदतीस-अडतीस अश्वशक्तीच्या आसपास, त्यातले दोन-तीन घोडे एसी खाऊन टाकतो. मानकापूरच्या उड्डाणपुलावर चार माणसं घेऊन चढताना 'एसी बंद कर रे' हे वाक्य एका पिढीने म्हटलेलं आहे. पुढे गाड्यांत संगणक आला, आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की तोच काही सेकंद कॉम्प्रेसर सोडून देऊ लागला.

सुरुवात मात्र ऐसपैस गाड्यांपासून झाली. १९३९ च्या अखेरीस अमेरिकेत पॅकार्ड कंपनीने कारखान्यातच एसी बसवून देणारी गाडी शिकागोच्या प्रदर्शनात दाखवली. त्या एसीचे २७४ डॉलर वेगळे. थंड करणारा भाग मागच्या सीटमागे, त्याने डिकीची बरीचशी जागा खाल्लेली. कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. म्हणजे एसी बंद करायचा तर इंजिन थांबवा, खाली उतरा, बॉनेट उघडा आणि पट्टा काढून ठेवा. सगळा संसार पुढच्या बाजूला बसवण्याचं श्रेय १९५४ च्या नॅश गाडीला जातं. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, आणि १९८५ मध्ये जपानच्या डेन्सो आणि सुझुकी यांच्या भागीदारीत सुब्रोस ही कंपनी स्थापन झाली. पुढची कित्येक वर्षं मारुतींच्या पोटातला गारवा बहुतेक तिचाच. त्याआधी कारचा एसी म्हणजे डॉक्टर आणि बिल्डर यांची चैन होती. गॅसही वेगळा, आर-१२. तो ओझोनच्या थराला खातो असं कळल्यावर १९८७ च्या माँट्रियल कराराने त्याला रजा मिळाली आणि आर-१३४ए आला. त्याच्यावरही आता पृथ्वी तापवण्याचा ठपका आहे. आपल्याला गार करणारा गॅस गळून बाहेर गेला की कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून अधिक उष्णता अडवून ठेवतो. म्हणून गळती शोधल्याशिवाय दरवर्षी गॅस भरणं हे मला निव्वळ खिशाचं पाप वाटत नाही.

माझा प्रश्न सुटला तो एका जुन्या एसी मेकॅनिकच्या मगाने. त्यांनी गाडी चालू ठेवायला सांगितली, एसी पूर्ण सोडला, बॉनेट उघडलं आणि प्लास्टिकच्या मगाने दोन मग पाणी सावकाश कंडेन्सरवर ओतलं. आत जाळीवर हात ठेवून बसलो होतो. काही क्षणांत हवा चरचरीत गार. "भाऊ, तुमच्या गाडीत गॅसची भानगड नाही. हवेची आहे. समोरून वारा जाऊनच नाही राहिला." कोणीही घरी करून पाहावी अशी ही परीक्षा आहे. पाण्याने लगेच फरक पडला तर दोष कंडेन्सरच्या बाजूला, वाऱ्याचा. काहीच फरक पडला नाही तर मग गॅस, व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर यांच्याकडे बघायचं.

मग त्यांनी कंडेन्सर सोडवून पुढे ओढला. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामध्ये बोटभर फट असते, आणि तिथे जे निघालं ते पाहण्यासारखं होतं : धूळ, किडे, रस्त्याकडेच्या सावरीचा आणि जिनिंगकडे जाणाऱ्या ट्रकांतून उडालेला कापूस, या सगळ्याची बसलेली चक्क गोधडी. बाहेरून धुतलेल्या गाडीत ही दिसत नाही, सर्व्हिस सेंटरच्या फवाऱ्यानेही निघत नाही. उलट जोराच्या फवाऱ्याने ॲल्युमिनियमची नाजूक पाती आडवी होतात आणि उरलेली वाट बंद होते. साध्या नळाच्या पाण्याने, मागून पुढे धुवायचं. नंतर त्यांनी पंखा तपासला. मोटार बदलताना दोन तारा उलट जोडल्या गेल्या तर पंखा उलटा फिरतो, समोरचा वारा ओढायच्या ऐवजी इंजिनाची वाफ पुढे ढकलतो, आणि चालू दिसतो म्हणून कोणाला शंका येत नाही. जाळीसमोर वहीचा कागद धरायचा. तो चिकटला तर पंखा बरोबर. शेवटी कंडेन्सरच्या कडेच्या फटींत फोमच्या पट्ट्या. कारखान्यातून येताना तिथे पट्ट्या असतात, अपघाताच्या दुरुस्तीत किंवा वयाने त्या गळतात. फोमचा खर्च चहा-समोशाएवढा. गरम हवेची चोरवाट मात्र त्यानेच बंद झाली.

आणखी एक चोर डॅशबोर्डातच बसलेला असतो. हिवाळ्यातल्या हीटरसाठी इंजिनाचं उकळतं पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरतं. जुन्या गाड्यांत त्याचा व्हॉल्व्ह तारेने चालतो, आणि ती तार सैल झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एका बाजूला इव्हॅपोरेटर गार करतो, दुसऱ्या बाजूला हा गरम करतो. विदर्भातले मेकॅनिक उन्हाळ्यापुरते हे दोन पाइप सरळ एकमेकांना जोडून टाकतात. डिसेंबरात पुन्हा जोडायचे असतात, हे गाडीमालक विसरतो.

समोर मोठाल्या स्टीलच्या जाळ्या, शोभेचे जादा दिवे लावून वारा अडवण्याची हौस ज्यांना आहे, त्यांनी ती डिसेंबरात भागवावी. केबिन फिल्टरमध्ये काय साचतं, ते स्वतः काढून पाहावं. आणि गाडीत बसल्या बसल्या एसी लावून काचा बंद करण्यापेक्षा आधी चारी काचा उतरवून शंभर-दोनशे मीटर जावं. उन्हात उभ्या गाडीतली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. ती फुकट बाहेर जात असताना हमालाला कामाला लावण्यात अर्थ नाही. ती गेली की काचा बंद, आणि हवा आतल्या आत फिरवणारं बटण दाबायचं. बाहेरची ४५ अंशांची हवा ओढून गार करत बसण्यापेक्षा आतली ३० अंशांची पुन्हा गार करणं केव्हाही सोपं.

रंगाचा मुद्दा चेष्टेचा नाही. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, एक काळी आणि एक चंदेरी, उन्हात उभ्या केल्या होत्या. टपाच्या तापमानात २५ अंशांपर्यंत फरक पडला, आतल्या हवेत पाच-सहा अंशांचा. नागपुरात काळी छोटी गाडी घेणाऱ्याची हिंमत मला दाद देण्यासारखी वाटते. काचांना फिल्म लावण्याचा मोह मात्र आवरावा. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, आणि नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून ७० टक्के व बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आत यायलाच हवा. पार्किंगमध्ये आतून चंदेरी पडदा लावायला कोणाची हरकत नाही.

कंडेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी करणारे जुगाडही लोक बसवतात. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात ते कामही करतात, ज्या कारणाने वाळ्याच्या ताट्या आणि कूलर नागपुरात चालतात, मुंबईत चालत नाहीत, त्याच कारणाने. पण बोअरच्या पाण्याचा पांढरा थर पात्यांवर बसला की वर्षभरात वारा पुन्हा अडतो. परीक्षेपुरता मग ठीक, रोजची सवय नको. गॅसमध्ये स्वयंपाकाचा गॅस मिसळून "डबल कूलिंग" देणाऱ्यांपासून तर चार हात लांब राहावं. तो पेट घेतो, आणि इव्हॅपोरेटर तुमच्या गुडघ्यांसमोर असतो.

एवढं सगळं केल्यावर माझी गाडी सिग्नलवर बर्फ ओकायला लागली का? नाही. तीन सिलिंडरचं इंजिन, नवतपाचं ऊन आणि चार माणसं या हिशेबाला मर्यादा आहे. पण अडीच वाजताच्या सिग्नलवर आता मागच्या सीटवरून प्रश्न येत नाही.

गॅस भरायची वेळ आलीच, तर बॉनेटच्या आत किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर एक छोटं स्टिकर शोधा. त्यावर आर-१३४ए आणि ग्रॅममधला आकडा असतो. छोट्या गाड्यांत साडेतीनशे-चारशेच्या घरातला. तो मोबाइलमध्ये टिपून घ्या, अर्धा तास व्हॅक्यूम लावायला सांगा आणि काट्यावर तोलून तेवढाच गॅस भरा असा आग्रह धरा. आणि होळीनंतर घरातला कूलर माळ्यावरून खाली काढाल, त्याच रविवारी गाडीचा कंडेन्सरही धुऊन घ्या. एप्रिल उजाडला की एसीवाल्याकडे नंबर लागत नाही.